एका शिरस्त्राणाचे दोन धनी

युद्धावरून परत आलेला शिपाई घरीं काय काय घेऊन येतो याची यादी करावयास बसलें तर ती फार लांबत नाहीं. पगारांतील शिल्लक, सरकारनें दिलेलें एखादें पदक, शरीरावर राहिलेली जखमेची खूण, आणि ट्रंकेच्या तळाशीं कपड्यांत गुंडाळलेली एखादी परमुलखांतील वस्तु. या शेवटच्या सदरांत शत्रूच्या शिरस्त्राणाचें स्थान मोठें आहे. जिंकलेल्या तोफा व बंदुका सरकारजमा होतात. परदेशीं नाणीं हातोहात खर्च होतात. लोखंडी टोप मात्र, वजनानें जड, आकारानें बेढब, आणि घरीं ज्याचा कांहींएक उपयोग नाहीं असा, शिपाई हजारों मैल वाहून आणतो. तो असें कां करतो, आणि आणल्यानंतर त्या वस्तूचें काय होतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत लोखंडी टोपाला जागा कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. परंतु गिरगांवचा आणि महायुद्धांचा संबंध दूरचा नाहीं. १९१४ सालीं हिंदी सैन्य फ्रान्सकडे व मेसापोटेमियाकडे निघालें तें मुख्यत्वें मुंबई व कराची या दोन बंदरांतून. ज्या इमारतींत पुढें १९२२ सालीं प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियम उघडलें, ती इमारत त्या युद्धाच्या काळांत लष्करी इस्पितळाच्या कामीं आली होती. गिरगांवास लागून असलेल्या कावेल व धोबीतलाव या भागांत गोमंतकांतील गांवोगांवच्या लोकांनीं चालविलेल्या, 'कूड' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या बिऱ्हाडवजा संस्था होत्या; बोटींवर नोकरी धरणारे खलाशी, आचारी व खिदमतगार दोन सफरींमधले दिवस तेथें काढीत. मशीद बंदराजवळच्या इंडियन सेलर्स होममध्यें पहिल्या महायुद्धांत प्राणांस मुकलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचें स्मारक आहे; समुद्र हीच त्यांची कबर. आणि गिरगांव, परळ, लालबाग येथील चाळींतून राहणाऱ्या ज्या रत्नागिरी-साताऱ्याकडच्या कुटुंबांनीं एक मुलगा गिरणींत घातला, त्यांतील कित्येकांनीं दुसरा पलटणींत घातला. तेव्हां शिपायाची ट्रंक ही आमच्या घरांतीलच वस्तु आहे.

पागोट्याखालचें लोखंड

मराठी माणसास शिरस्त्राण नवें नाहीं. १६५९ सालच्या नोव्हेंबरांत प्रतापगडाखालीं अफझलखानाच्या भेटीस जातांना शिवाजी महाराजांनीं कुडत्याखालीं चिलखत व मंदिलाखालीं लोखंडी टोप घातला होता, असें वर्णन परंपरेनें चालत आलें आहे. वार झाला तेव्हां त्या टोपानेंच मस्तक राखलें. त्याच राज्यांत दुसराही एक दंडक होता: मोहिमेंत हातीं आलेली चीजवस्तु शिपायानें घरीं न नेतां सरकारांत जमा करावयाची. शत्रूची वस्तु कोणाची, जिंकणाऱ्या शिपायाची कीं ज्याच्या निशाणाखालीं तो लढला त्या राज्याची, हा प्रश्न इतका जुना आहे.

पुढें बंदुकीचा जोर वाढला तसतसें लोखंडी टोपाचें महत्त्व उतरलें. गोळी टोप भेदून जाऊं लागली, तेव्हां तो भार वाहण्यांत अर्थ उरला नाहीं. १९१४ च्या ऑगस्टांत युरोपांत युद्ध पेटलें त्या वेळीं फ्रेंच शिपायाच्या डोक्यावर कापडी केपी होती, इंग्रजाच्या डोक्यावर कापडी टोपी, जर्मनाच्या डोक्यावर कमावून कठीण केलेल्या कातड्याचा, माथ्यावर अणी असलेला टोप, आणि आमच्या शिपायाच्या डोक्यावर पागोटें. कातड्याचा तो जर्मन टोप १८४२ पासून प्रशियाच्या सैन्यांत होता. दिसण्यांत तो भारदस्त; संरक्षणास मात्र कापडाहून फारसा बरा नव्हे. तथापि इंग्रज शिपायांस घरीं नेण्याजोगी वस्तु म्हणून त्याचें वेड लागलें, आणि शिरस्त्राण गोळा करण्याची आधुनिक चाल तेथून पडली असें म्हणण्यास हरकत नाहीं.

त्या पहिल्याच हिंवाळ्यांत आपल्याकडील माणसें तेथें पोंचलीं. २८ ऑक्टोबर १९१४ रोजीं खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व्या व २१ व्या कंपन्यांनीं ४७ व्या शीख पलटणीबरोबर फ्रान्समधील न्यूव्ह शापेल या गांवांत शिरून रस्त्यारस्त्यांत हातघाईची लढाई केली. खडकीच्या या दळांत मराठ्यांची भरती होत असे. वास्तविक खणणें, पूल बांधणें, सुरुंग लावणें हें त्यांचें काम; त्या दिवशीं त्यांस पायदळाप्रमाणें झुंजावें लागलें, व त्यांची हानि फार मोठी झाली. त्यांच्या डोक्यावर लोखंड नव्हतें. त्याच न्यूव्ह शापेल येथें १९२७ सालीं उभारलेल्या स्मारकावर, ज्यांची कबर ठाऊक नाहीं अशा ४,७०० हून अधिक हिंदी शिपायांचीं नांवें कोरलीं आहेत.

मेसापोटेमियांत तर नशीब अधिकच कठोर निघालें. १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी ६ व्या पुणें डिव्हिजनमधून कूत-अल्-अमारा येथें वेढ्यांत सांपडल्या. १९१५ च्या डिसेंबरांत सुरू झालेला तो वेढा २९ एप्रिल १९१६ रोजीं उपासमारीनें व शरणागतीनें संपला. त्यानंतर कैद, आणि वाळवंटांतील पायपीट. विजयी शिपाई शत्रूचा टोप घरीं आणतो. हरलेल्याची स्वतःची वस्तुही दुसऱ्याच्या हातीं जाते. कोंकणांतील व देशावरील ज्या घरांत पहिल्या महायुद्धाची कांहींच निशाणी नाहीं, तेथील पुरुष लढलाच नाहीं असें समजूं नये. कित्येकदां कांहीं नसणें हीच त्याची निशाणी असते.

टोप पुन्हां जन्मास कसा आला

खंदकाच्या लढाईनें लोखंडी टोप परत आणिला. खंदकांत उभ्या असलेल्या माणसाचें बाकी शरीर मातीआड असतें. उघडें असतें तें डोकें. तोफेचे गोळे वर हवेंत फुटत व त्यांचे तुकडे पावसासारखे खालीं येत. गोळी अडविणें शक्य नसलें तरी हे तुकडे अडवितां येतात, हें ध्यानांत आल्यावर १९१५ च्या आरंभीं फ्रेंचांनीं आपल्या कापडी टोपीखालीं घालण्यासाठीं पोलादी वाटी काढली. मंदिलाखालचा टोप तो हाच! थोड्याच महिन्यांत तिचा पुरा पोलादी टोप झाला, व तो करविणारा अधिकारी आद्रियां याचें नांव त्यास पडलें.

त्याच वर्षीं लंडनच्या जॉन ब्रोडी यानें इंग्रजी टोपाचें पेटंट घेतलें. एकाच पत्र्यांतून दाबून काढलेला, उथळ पसरट, रुंद कांठाचा हा टोप. वजन सुमारें १ किलोग्रॅम. पुढें त्यासाठीं मँगॅनीज मिश्रित कठीण पोलाद वापरूं लागले. आरंभीं हे टोप इतके थोडे होते कीं ते शिपायास न देतां खंदकास देत. पाळी संपवून जाणारी पलटण आपले टोप तेथेंच ठेवून जाई, व येणारी पलटण तेच डोक्यावर घाली. एकाच टोपाखालीं कितीतरी डोकीं येऊन गेलीं असतील! १९१६ च्या उन्हाळ्यापर्यंत असे दहा लाख टोप तयार झाले, आणि मग कोठें प्रत्येकास आपला असा टोप मिळाला. आमच्या दोन्ही हिंदी पायदळ डिव्हिजनांनीं त्यापूर्वींच, म्हणजे १९१५ च्या अखेरीस, फ्रान्स सोडलें होतें.

जर्मनांचा पोलादी टोप हानोव्हरच्या तांत्रिक विद्यालयांतील फ्रीड्रिख श्व्हेर्ड यांनीं आंखला व १९१६ सालीं व्हर्दंच्या रणांगणावर तो दिसूं लागला. कानांवरून व मानेवरून खालीं उतरणारा हा खोल टोप पुढें १९३५ सालीं आटोपशीर करण्यांत आला, आणि दुसऱ्या महायुद्धांत तोच जर्मन शिपायाचें ओळखचिन्ह ठरला. त्याच्याकडे पाहून नाझी राजवटीची क्रूर कृत्यें आठवावींत हें उघड आहे. परंतु तो आंखणाऱ्याचा हेतु माणसाचें डोकें वांचावें इतकाच होता, हेंही विसरूं नये. शस्त्र मारण्यासाठीं असतें, शिरस्त्राण तगण्यासाठीं. शत्रूची तलवार आणणें आणि शत्रूचा टोप आणणें यांत म्हणूनच फरक आहे.

दुसऱ्या महायुद्धांत हिंदी शिपायासही पोलादी टोप मिळाला. शीख शिपायांनीं धर्माज्ञेस अनुसरून आपलें पागोटें सोडलें नाहीं, व त्यांस तशी मुभा राहिली. मराठा, गुरखा, गढवाली आदिकरून इतरांनीं टोप घातला. मुंबई शहरासही पोलादाची किंमत त्याच युद्धांत कळली. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया डॉकमध्यें फोर्ट स्टिकिन ही दारूगोळ्यानें भरलेली बोट दोनदां फुटली आणि तप्त लोखंडाचे तुकडे दूरवर जाऊन पडले. आगीच्या बंबाच्या खात्याचे ६६ जवान त्या कामीं आले. रणांगण इटलींत किंवा ब्रह्मदेशांतच असतें असें नाहीं; त्या दिवशीं तें गिरगांवापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतें.

इटलींतील दोन मराठे

शत्रूचे टोप ज्या रणांगणांवर आपल्या शिपायांच्या पायांशीं पडले, त्यांत इटलीचें नांव मराठी घरांस विशेष जवळचें वाटावें. १९४१ च्या मार्चांत एरिट्रियांतील केरेनच्या डोंगरांत मराठा पलटणी इटालियनांशीं लढल्या होत्या. १९४३ च्या सप्टेंबरांत ८ वा हिंदी डिव्हिजन इटलीच्या भूमीवर उतरला. पुढें ४ था व १० वा हे डिव्हिजनही आले. सुमारें ५०,००० हिंदी शिपाई तेथें लढले, व ५,७८२ परत आले नाहींत. त्या मोहिमेंत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसांपैकीं ६ हिंदी शिपायांनीं मिळविले. त्यांतील दोघे ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे.

पहिले नाईक यशवंत घाडगे. गांव पळसगांव, तालुका माणगांव, जिल्हा त्या वेळचा कुलाबा म्हणजे आतांचा रायगड. १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत त्यांच्या तुकडीवर अगदीं जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीचे नायक घाडगे वगळून सर्व जण ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढें धांवले. हातबाँब टाकून त्यांनीं ती तोफ बंद पाडली, एकास गोळीनें टिपलें, आणि गोळ्या भरण्यास सवड नाहीं असें पाहून बंदुकीची नळी धरून दस्त्यानेंच उरलेल्या दोघांस लोळविलें. लागलीच लपलेल्या शत्रूच्या गोळ्या त्यांस लागल्या, व जिंकलेल्या त्याच मोर्च्यांत त्यांनीं देह ठेविला. वय अवघें २२. त्यांची कबर नाहीं. कॅसिनो येथील स्मारकावर नांव आहे. घरीं आलें तें पदक, आणि तेंही त्यांच्या पत्नीच्या हातीं देण्यांत आलें.

दुसरे शिपाई नामदेव जाधव. गांव निमज, जिल्हा त्या वेळचा अहमदनगर म्हणजे आतांचा अहिल्यानगर. ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदी ओलांडतांना ते कंपनीच्या अधिकाऱ्याचे निरोप्ये म्हणून पुढें होते. पैलतीराच्या मोर्च्यांतून झालेल्या माऱ्यांत ती छोटी टोळी जवळजवळ नाहींशी झाली. जाधवांनीं दोन जखमी सोबत्यांस, एकामागून एक, खोल पाण्यांतून, उभ्या बांधावरून व सुरुंग पेरलेल्या पट्ट्यांतून सुखरूप जागीं नेलें. मग परत जाऊन शत्रूचे तीन मशीनगनचे मोर्चे एकट्यानें बंद पाडले. हातास जखम झाल्यामुळें बंदूक चालेना, तेव्हां हातबाँब घेऊन ते चालून गेले. बाँब संपतांच बांधावर सरपटत जाऊन सोबत्यांकडून आणखी घेतले. शेवटीं बांधाच्या माथ्यावर, उखळी तोफांच्या माऱ्यांत उघड्यावर उभे राहून त्यांनीं मराठ्यांची रणगर्जना केली व मागच्या कंपन्यांस नदीपार बोलाविलें. ते जगले, आणि १९८४ सालीं पुण्यास वारले.

त्या बांधावर शत्रूचे टोप खचित पडले असतील, परंतु जाधवांनीं त्या दिवशीं पाठीवर वाहून आणलीं तीं दोन जिवंत माणसें. रणांगणावरून काय उचलावें याचें याहून चांगलें उत्तर आम्हांस ठाऊक नाहीं.

शिपाई टोप कां उचलतो

मग टोप उचलणारा शिपाई हलक्या मनाचा म्हणावा काय? मुळींच नाहीं. त्याचीं कारणें निरनिराळीं असतात, आणि तीं समजून घेतलीं पाहिजेत.

पहिलें कारण पुरावा. आपण कोठें होतों व काय पाहिलें हें गांवांत कोणी खरें मानील याची त्यास खात्री नसते. फ्रान्सचें बर्फ, इटलीचे द्राक्षमळे, ब्रह्मदेशांतील चिखल यांचें वर्णन ऐकणाऱ्यास कथा वाटते. टोप हातांत दिला म्हणजे कथा खरी होते. दुसरें कारण सौदा. आघाडीवर न जाणारे लोक अशा वस्तूंस चांगली किंमत देत, आणि आघाडीवरचा शिपाई त्या विकून तंबाखू व खाण्याचे जिन्नस मिळवी. म्हणजे ज्याच्या घरीं टोप आहे त्यानेंच तो रणांगणावर मिळविला असें मानतां येत नाहीं. तिसरें कारण सर्वांत खोल, व बोलून दाखविलें न जाणारें. टोप ज्या दिवशीं मिळाला त्या दिवशीं बहुधा कोणी सोबती पडलेला असतो. त्या सोबत्याचें कांहीं उचलून आणतां येत नाहीं. त्याच्या वस्तु सरकारी रीतीनें त्याच्या घरीं जातात. म्हणून शिपाई शत्रूचा टोप उचलतो. घरांतील मंडळी त्यास विजयाची खूण समजतात. त्याच्या मनांत ती मित्राची खूण असते. तो गेल्यावर हें सांगणारें कोणी उरत नाहीं.

हिंदी शिपायाचें मौन तर विशेषच गाढ. तो बहुधा कमी शिकलेला. युद्धांतून लिहिलेलीं पत्रें दुसऱ्याच्या हातचीं, आणि लष्करी तपासनिसाच्या नजरेखालून गेलेलीं. परत आल्यावर देश स्वराज्याच्या लढ्यांत मग्न. १९१८ च्या जून महिन्यांत मुंबईच्या टाउन हॉलमध्यें युद्धपरिषद भरली असतां लोकमान्य टिळक स्वराज्याची गोष्ट बोलूं लागले. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनीं त्यांस अडविलें, आणि लोकमान्य सभा सोडून बाहेर पडले. परक्या सरकारच्या युद्धांत शौर्य गाजविलें याचा अभिमान बाळगावा कीं संकोच, हें शिपायासही उमगेना, शेजाऱ्यांसही उमगेना. त्यामुळें ट्रंक मिटली ती मिटलीच. १९४५ नंतरही तेंच झालें. दोन वर्षांत स्वातंत्र्य आलें, नवे हुतात्मे आले, आणि इटली व ब्रह्मदेश येथून आलेल्या माणसास कोणी फारसें विचारलें नाहीं.

आमच्या समाजांतूनही माणसें गेलीं. कोणी पलटणींत, कोणी बँडांत, कोणी दवाखान्याच्या तुकड्यांत, कोणी बोटींवर. मुंबईंत वास्तव्य केलेले मेजर जनरल युस्टेस डिसूझा हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी, व दुसऱ्या महायुद्धांतील लढवय्ये. याच रेजिमेंटची पहिली पलटण युद्धानंतर जनरल थिमय्या यांच्या हाताखालील ब्रिगेडमधून जपानांत पहाऱ्यासही गेली होती. सेनापतींचीं नांवें ग्रंथांत राहतात. हवालदाराचें व खलाशाचें नांव मात्र घरच्यांनीं राखलें तरच राहतें.

टोप कसा वाचावा

ज्यांच्या घरीं असा टोप असेल त्यांच्या उपयोगासाठीं कांहीं खुणा येथें देतों.

इंग्रजी व हिंदी सैन्याचा टोप उथळ व रुंद कांठाचा. कांठाच्या खालच्या बाजूस बहुधा करणाऱ्याचें चिन्ह व साल ठोकलेलें असतें. जर्मन टोप आंतून पाहावा. डाव्या बाजूस कारखान्याचीं अक्षरें व आकाराचा आंकडा, आणि मागील बाजूस पोलादाच्या घाण्याचा क्रमांक असतो. १९३५ च्या नमुन्यावर बाहेरून उजवीकडे राष्ट्रीय रंगांची ढाल व सैन्याच्या टोपावर डावीकडे गरुड असे. ढाल काढून टाकण्याचा हुकूम १९४० सालीं निघाला, आणि १९४३ सालीं गरुडही बंद झाला. इटालियनांचा १९३३ चा टोप तीन हवाबंदांच्या खिळ्यांवरून ओळखतां येतो. जपानी टोपाच्या पुढें तारा असतो व हनुवटीखालीं बांधावयास कापडी बंद असतात. या खुणांवरून टोप कोणत्या सैन्याचा व साधारण कोणत्या काळचा हें ठरतें, आणि घरांत चालत आलेली हकीकत त्याशीं जुळते कीं नाहीं हें पाहतां येतें. इटलींत लढलेल्या आजोबांच्या ट्रंकेंत जपानी टोप निघाला, तर तो कोणाकडून तरी घेतलेला असावा, किंवा आजोबांच्या नोकरीचा एखादा भाग आपणांस ठाऊक नसावा.

सर्वांत महत्त्वाची खूण आंतील कातड्यावर असते. तेथें, किंवा मानेकडील पत्र्यावर, शिपाई कधीं कधीं आपलें नांव लिहून ठेवी. शाई पुसट होते, कातडें मुंबईच्या दमट हवेनें बुरसतें, म्हणून टोप घांसून-पुसून चकचकीत करण्याचा मोह टाळावा. ब्रासो, तेलरंग व सँडपेपर हे इतिहासाचे शत्रु आहेत. कोरड्या जागीं, कापडांत, खाऱ्या वाऱ्यापासून दूर ठेवणें एवढें पुरे. हेंही सांगावेंसें वाटतें कीं अशा वस्तूंचा आतां मोठा बाजार झाला आहे; खोटीं चिन्हें डकविलेले, मागाहून भोंक पाडलेले टोप सर्रास विकले जातात. अशा स्थितींत टोपाची खरी किंमत पोलादांत नसून त्याबरोबरच्या कागदांत असते: शिपायाचें डिस्चार्ज बुक, एखादें पत्र, एखादा फोटो, किंवा घरांतील वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडून उतरून घेतलेल्या चार ओळी.

दोन धनी

प्रत्येक टोपाला दोन धनी असतात. एक ज्यानें तो डोक्यावर घातला तो, व दुसरा ज्यानें तो उचलला तो. दुसऱ्याचे वंशज टोप बाळगतात. पहिल्याच्या घरीं कदाचित् कांहींच पोंचलेलें नसतें. इटलींत कॅसिनोजवळ जर्मनांची दफनभूमि आहे, तेथें २०,००० हून अधिक शिपाई पुरले आहेत. फ्यूटाच्या घाटांतील दफनभूमींत ३०,००० हून अधिक. त्यांतील कित्येकांचीं नांवें आजही लागलेलीं नाहींत. जर्मनींत १९१९ सालीं स्थापन झालेली एक संस्था मृत सैनिकांच्या कबरींचा शोध ठेवीत असते. टोपांत नांव सांपडलें तर तिच्याकडे विचारणा करतां येते. आपल्या बाजूच्या मृतांचीं नांवें राष्ट्रकुलाच्या युद्धकबर आयोगाच्या नोंदींत पाहतां येतात, आणि मराठा पलटणीचा इतिहास बेळगांवच्या रेजिमेंटल सेंटरांत जपला आहे.

शत्रूचा टोप घरांत ठेवावा कीं नाहीं, असा विचार कोणाच्या मनांत येईल. आम्हांस वाटतें, ठेवावा. परंतु दिवाणखान्यांतील शोभा म्हणून नव्हे. युद्धानंतर जर्मनींत दारिद्र्य आलें तेव्हां लोकांनीं उरलेल्या टोपांस भोंकें पाडून स्वयंपाकघरांतल्या चाळण्या केल्या, मुठी लावून पळ्या केल्या. तलवारीचे फाळ करण्याची जी गोष्ट आपण धर्मग्रंथांत ऐकतों, ती त्या गृहिणींनीं कोणी न सांगतां केली. आमच्याकडील टोपाची चाळणी करण्याची गरज नाहीं. त्याचा उपयोग एवढाच करावा कीं त्याच्या निमित्तानें दोन्ही धन्यांची विचारपूस व्हावी.

ज्या टायबरच्या खोऱ्यांत नाईक घाडगे पडले, तेथील मोंतोने गांवच्या लोकांनीं २०२३ सालच्या जुलैंत त्यांच्या नांवानें एक छायायंत्र उभारलें. त्यावरील लॅटिन वचनाचा भाव असा कीं आपण सारे एकाच सूर्याखालीं आहोंत. माणगांव तालुक्यांतील एका शेतकरी मुलाचें नांव इटलींतील एका लहानशा गांवानें ७९ वर्षांनीं दगडांत लिहिलें. इतक्या दूरच्यांस जें सुचलें, तें आपल्या वाड्यांतून व चाळींतून राहणाऱ्यांस सुचावयास हरकत नसावी.

म्हणून वाचकांस आमची विनंती एवढीच: घरांत टोप, पदक, पत्र किंवा नुसती आठवण असेल तर एका कागदावर शिपायाचें पूर्ण नांव, गांव, पलटण, कोणत्या सालीं गेला, कोठें लढला व काय सांगत असे, हें लिहून त्या वस्तूबरोबर ठेवावें. ज्यास आठवतें असा माणूस घरांत असेपर्यंतच हें काम होण्याजोगें आहे. पोलाद टिकतें, पोलादाची हकीकत फार लवकर गंजते.